दोन्हीकडे चालणारे एकच फ्रेमवर्क हवे आहे

प्रश्न : आमची तिघांची टीम मोजमापाच्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासण्याच्या) नोंदी ठेवणारे एक सॉफ्टवेअर अनेक वर्षे सांभाळते आहे. ते सी शार्प या भाषेत, विनफॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या फॉर्म-खिडक्या बनवण्याच्या साधनावर लिहिलेले असून फक्त विंडोजवर चालते. प्रयोगशाळेतील उपकरण सिरियल पोर्टने संगणकाला जोडले जाते, वाचने थेट सॉफ्टवेअरमध्ये येतात, त्यांवर आकडेमोड होते आणि शेवटी प्रमाणपत्र छापले जाते. आता ग्राहकांना हे सगळे ब्राउझरमध्येही हवे आहे, काहींना मॅकवर हवे आहे, शिवाय नेटवर्क नसले तरी काम अडता कामा नये अशी त्यांची अट आहे. मी इलेक्ट्रॉन, टॉरी, फ्लटर, क्यूट, माउई आणि ब्लेझर या फ्रेमवर्कांची, म्हणजे ॲप्लिकेशन बांधण्याच्या तयार चौकटींची, तुलना करणारा तक्ता तयार केला. त्यात वेग, मेमरी, गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर मिळालेले तारे (पसंतीच्या खुणा), सर्वेक्षणांतील क्रमांक असे रकाने आहेत. तक्ता भरून झाला, पण निर्णय होत नाही. एका सहकाऱ्याला इलेक्ट्रॉन हवे आहे, दुसऱ्याला फ्लटर. मला भीती वाटते की आम्ही जे निवडू ते पाच वर्षांत बंद पडेल आणि सगळे पुन्हा लिहावे लागेल. वेब आणि डेस्कटॉप दोन्हींसाठी सर्वांत चांगले फ्रेमवर्क कोणते, हे एकदा स्पष्ट सांगाल का?

उत्तर : तुमच्या पत्रात चार मागण्या एका दमात आल्या आहेत : ब्राउझर, मॅक, उपकरणाशी थेट जोडणी आणि नेटवर्कविना काम. या चारही मागण्या एकाच वापरकर्त्याच्या आहेत असे तुम्ही धरून चालला आहात, आणि म्हणूनच तुमचा शोध चारही गोष्टी एकत्र देणाऱ्या फ्रेमवर्ककडे वळला. माझी पहिली शंका इथेच आहे. उपकरणासमोर बसून वाचने घेणाऱ्या तंत्रज्ञाला सिरियल पोर्ट हवा असतो, कीबोर्डवरून झरझर नोंदी करता यायला हव्या असतात आणि नेटवर्क गेले तरी हातातले काम पुरे करायचे असते. त्याचा संगणक ठरलेला असतो आणि आजवर तुमचे सॉफ्टवेअर चालले त्याअर्थी तो विंडोजचाच आहे. दुसऱ्या ठिकाणाहून प्रमाणपत्रे पाहणाऱ्या व्यवस्थापकाला मात्र उपकरणाला हातही लावायचा नसतो. त्याला यादी हवी, शोध हवा, मुदत संपत आलेल्या उपकरणांची आठवण हवी आणि प्रमाणपत्राची पीडीएफ हवी, मग समोर मॅक असो की फोन. म्हणजे ज्याला तुम्ही एक सॉफ्टवेअर म्हणता, ती एकाच माहितीवर आणि एकाच आकडेमोडीवर उभी असलेली दोन सॉफ्टवेअरे असण्याची शक्यता बरीच आहे. मॅक मागणाऱ्या ग्राहकांना मॅकवर नेमके काय करायचे आहे, हे त्यांना विचारल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. सहा फ्रेमवर्कांचा अभ्यास करण्याआधी तेवढे विचारले असते, तर कदाचित त्यांतल्या तिघांचा अभ्यास वाचला असता.

एकच कोड सगळीकडे चालावा ही इच्छा काही नवी नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली तेव्हा 'एकदा लिहा, कुठेही चालवा' हीच तिची घोषणा होती, आणि जावाच्या ॲपलेटना, म्हणजे वेबपानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना, ब्राउझरमध्ये पुढे स्थान उरले नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये आणलेल्या सिल्व्हरलाइट या ब्राउझरमधल्या साधनाचा आधार (दुरुस्त्या आणि सुरक्षा-अद्यतने) ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. या इतिहासावरून 'असे कधी होतच नाही' असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण आजची साधने पूर्वीपेक्षा पुष्कळ सक्षम आहेत. परंतु कोड दोन्हीकडे वापरण्याचा खरा फायदा कशात आहे, हे वेगळे करून पाहायला हवे. आकडेमोड, नियम, माहितीची रचना, पडताळणी या गोष्टी एकदाच लिहिलेल्या बऱ्या, त्याबद्दल दुमत नाही. पडदा, म्हणजे वापरकर्त्याला दिसणारा भाग, मात्र सर्वांत कमी वाटून घेण्याजोगा असतो. शंभर वाचने माऊसला न शिवता भरता यावीत असा फॉर्म आणि फोनवर अंगठ्याने सरकवायची यादी या दोन्हींसाठी एकच पडदा केला, तर तो बहुतेक वेळा दोघांनाही थोडा थोडा गैरसोयीचा होतो. तुमचा तक्ता मात्र नेमका पडदे वाटून घेण्याचीच तुलना करतो आहे.

आता त्या तक्त्याच्या रकान्यांविषयी. गिटहबवरचे तारे एखादी गोष्ट किती जणांच्या नजरेत भरली हे सांगतात, आणि एकदा दिलेला तारा सहसा कोणी परत घेत नाही. अँग्युलरजेएस हे वेबपानांसाठीचे फ्रेमवर्क २०१० पासूनचे आणि अत्यंत लोकप्रिय होते. तरीही २०१६ मध्ये आलेले अँग्युलर २ त्याच्याशी सुसंगत नव्हते, आणि जुन्याचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. व्ह्यू २ या तशाच फ्रेमवर्कचा अधिकृत आधारही २०२३ च्या अखेरीस संपला, मात्र तिथे व्ह्यू ३ कडे जाण्याची वाट तुलनेने सरळ होती. ॲटम हा गिटहबचा कोड लिहिण्याचा एडिटर डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, पण त्याच्याच पोटी जन्मलेले इलेक्ट्रॉन व्यवस्थित जिवंत आहे. याउलट २००२ मध्ये डॉटनेट या सी शार्पचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेले विनफॉर्म्स, ज्याच्यावर गेल्या कित्येक वर्षांत कोणी उत्साहाने लेख लिहिलेला नसेल, ते आजच्या डॉटनेटमध्येही मिळते. तेव्हा तुमच्या पाच वर्षांच्या भीतीला ताऱ्यांच्या रकान्यात उत्तर नाही. त्याऐवजी तीन गोष्टी पाहा : फ्रेमवर्क बनवणारी संस्था स्वतःच्या महत्त्वाच्या उत्पादनात ते वापरते का, एका वेळी किती आवृत्त्यांना आणि किती काळ आधार देते, आणि शेवटची मोठी उडी मारताना जुन्या वापरकर्त्यांना किती कोड बदलावा लागला.

मेमरीचा रकानाही फसवा आहे, कारण तो बहुधा कोऱ्या खिडकीची मोजणी दाखवतो. इलेक्ट्रॉन प्रत्येक ॲप्लिकेशनबरोबर क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) दोन्ही पाठवते, त्यामुळे रिकामे ॲप्लिकेशनसुद्धा डिस्कवर शंभर एमबीच्या पुढे जाते. टॉरी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असलेलेच वेबव्ह्यू (ॲप्लिकेशनच्या आत वेबपान दाखवणारा घटक) वापरते, म्हणून त्याचे इन्स्टॉलर काही एमबींत मावतात. इथपर्यंतची तुलना सगळेच करतात. पण विंडोजवरचे ते वेबव्ह्यू, म्हणजे वेबव्ह्यू२, मुळात क्रोमियमच आहे, आणि त्याच्या प्रक्रिया टास्क मॅनेजरमध्ये वेगळ्या दिसतात. त्या धरून मोजले तर विंडोजपुरता रॅममधला फरक जाहिरातीइतका राहत नाही. शिवाय टॉरी मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू आणि लिनक्सवर वेबकिटजीटीके वापरते, म्हणजे तुम्हाला तीन वेगवेगळ्या वेबव्ह्यूंवर चाचणी करावी लागते. इलेक्ट्रॉनचे वजन ही त्या एकसारखेपणाची किंमत आहे. स्वतःची अर्धा डझन डेस्कटॉप फ्रेमवर्के असताना मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड हा आपला एडिटर इलेक्ट्रॉनवर बांधला, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते, पण त्यामागचा हिशेब हाच असावा.

तुमच्या तक्त्यात नसलेला आणि मी पहिल्यांदा भरला असता तो रकाना म्हणजे दरवर्षीच्या देखभालीचा. इलेक्ट्रॉनची नवी मुख्य आवृत्ती साधारण दर आठ आठवड्यांनी येते आणि शेवटच्या तीन मुख्य आवृत्त्यांनाच आधार असतो. म्हणजे सहा महिने हात न लावलेले ॲप्लिकेशन सुरक्षेच्या दृष्टीने मागे पडते. मोठ्या कंपनीला त्याचे काही वाटत नाही, कारण तेवढ्यासाठी तिच्याकडे माणसे असतात. तिघांच्या टीमला हे काम वाचवलेल्या शंभर एमबींपेक्षा कितीतरी जड जाते. डॉटनेटच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्या दोन वर्षांनी येतात आणि तीन वर्षे टिकतात. वेबकडे जँगो या फ्रेमवर्कची ठरावीक आवृत्ती अशीच तीन वर्षे सांभाळली जाते. लहान टीमने वेगापेक्षा या वेळापत्रकाकडे आधी बघावे, असे माझे मत आहे.

आता नेटवर्कविना कामाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमचा सर्वांत कठीण प्रश्न हा आहे आणि तुमच्या यादीतले एकही फ्रेमवर्क तो सोडवून देत नाही. नेटवर्क नसताना नुसते पाहायचे आहे की लिहायचेही आहे? तुमच्या बाबतीत लिहायचेच आहे. मग दोन तंत्रज्ञांनी दोन संगणकांवर एकाच उपकरणाची नोंद बदलली आणि संध्याकाळी दोन्ही सर्व्हरकडे पोहोचल्या, तर कोणाची धरायची? 'शेवटची येईल ती' हे सोपे उत्तर मोजमापांच्या बाबतीत धोक्याचे आहे, कारण त्यात एकाचे वाचन दुसऱ्याच्या नकळत पुसले जाते. सुदैवाने कॅलिब्रेशनच्या नोंदींचा स्वभावच असा आहे की घेतलेले वाचन बदलायचे नसते. चुकले तर ते रद्द झाल्याची नवी नोंद करायची असते. ही शिस्त डेटाबेसमध्येच उतरवा. प्रत्येक वाचनाला ते घेतले त्या संगणकावरच तयार झालेला स्वतंत्र यूयूआयडी (दुसरीकडे पुन्हा न येणारा ओळख-क्रमांक) द्या, जुन्या ओळीला हात लावू नका, फक्त नव्या ओळी जोडत जा. मग दोन संगणकांवरच्या नोंदी एकत्र करणे म्हणजे दोन याद्या जोडणे एवढेच उरते. पाठवायच्या नोंदींचे वेगळे टेबल ठेवा, आणि तीच नोंद दोनदा पोहोचली तरी सर्व्हरवर एकदाच उमटेल अशी व्यवस्था करा, कारण नेटवर्क नोंद पोहोचल्यानंतर आणि पोच परत येण्याआधीही तुटू शकते. संगणकाच्या घड्याळावर क्रम ठरवू नका. ते चुकीचे असू शकते.

यात एकच गाठ राहते, ती प्रमाणपत्राच्या क्रमांकाची. क्रमांक सलग हवा असेल तर नेटवर्कपासून तुटलेले दोन संगणक तो स्वतःहून देऊ शकत नाहीत. एक तर सर्व्हरशी संपर्क झाल्यावरच अंतिम क्रमांक द्या आणि तोवर मसुदा ठेवा, नाहीतर प्रत्येक संगणकाला क्रमांकांचा एक गट आधीच वाटून द्या आणि मध्ये सुटलेले क्रमांक चालतील का हे ग्राहकाला विचारा. हा निर्णय ग्राहकाच्या कामकाजाचा आहे, तो प्रोग्रॅमरने गुपचूप घेऊ नये. स्थानिक साठवणीसाठी एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) पुरेसे आहे. २००० सालापासून ते चालू आहे, आणि २०५० पर्यंत त्याला आधार देण्याचा मानस त्याच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. तुमच्या पाच वर्षांच्या भीतीवर इतका दिलासा दुसरीकडे क्वचित मिळेल. फक्त त्याची फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांनी एकदम वापरायची, हा मोह टाळा. तिथे फाइल-लॉकिंगचा (एका वेळी एकानेच लिहावे यासाठीच्या कुलुपाचा) भरवसा नसतो आणि त्याच्या कर्त्यांनीच त्याविरुद्ध सावध केले आहे.

ब्राउझरमध्येच हे सगळे करता येणार नाही का, असे तुमचा तरुण सहकारी विचारील. काही अंशी येते. क्रोमियमवर आधारलेल्या ब्राउझरांत २०२१ पासून वेब सिरियलने सिरियल पोर्ट उघडता येतो, सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी स्क्रिप्ट) आणि इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधला डेटाबेस) यांच्या आधाराने पान नेटवर्कविना चालते, आणि ते डेस्कटॉपवर ॲपसारखे बसवताही येते. पण ॲपलच्या सफारी ब्राउझरने वेब सिरियल स्वीकारलेले नाही, म्हणजे मॅक मागणाऱ्या ग्राहकाला पुन्हा 'अमुकच ब्राउझर वापरा' असे सांगावे लागेल. शिवाय ब्राउझर वापरात असूनही एखाद्या साइटला सात दिवस स्पर्श झाला नाही, तर तिने स्क्रिप्टद्वारे साठवलेली माहिती सफारी पुसून टाकते. ॲप म्हणून बसवलेल्यांना यातून सूट आहे, पण ज्याचे मोजमाप परत घेता येत नाही त्याची एकमेव प्रत अशा जागी ठेवायला माझे मन धजावत नाही. ज्या वाचकांच्या कामात उपकरण नाही आणि माहिती सर्व्हरवर असतेच, त्यांच्यासाठी मात्र हाच मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि त्यांनी तो आधी आजमावावा.

आता आकडेमोडीकडे येतो. तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांच्या पसंतीत एक धोका दडलेला आहे : इलेक्ट्रॉन घेतले तर आकडेमोड जावास्क्रिप्टमध्ये जाईल, फ्लटर घेतले तर डार्टमध्ये. सी शार्पमधला डेसिमल प्रकार २८-२९ सार्थ अंक दशमान पद्धतीने सांभाळतो. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ६४ बिटांची द्विमान संख्या असते, तिच्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. त्याहून सूक्ष्म फरक पूर्णांकनाचा आहे. सी शार्पचे मॅथ.राउंड, वेगळे सांगितले नाही तर, अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते, म्हणून २.५ चे २ होतात. जावास्क्रिप्टमध्ये त्याच २.५ चे ३ होतात. म्हणजे त्याच वाचनांवरून नव्या सॉफ्टवेअरने काढलेल्या प्रमाणपत्रातला शेवटचा अंक बदलू शकतो, आणि कॅलिब्रेशनच्या व्यवसायात शेवटचा अंक हीच विकायची वस्तू असते. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत माहिती-व्यवस्थापनाची प्रणाली वापरात आणण्यापूर्वी पडताळावी, आणि तिच्यातले बदल मंजूर, नोंदलेले व पडताळलेले असावेत, अशी अपेक्षा आहे. सगळे पुन्हा लिहिण्याचा खर्च म्हणूनच तुमच्या टीमपुरता राहत नाही, तो तुमच्या प्रत्येक ग्राहकाकडे पडताळणीच्या रूपाने पोहोचतो.

म्हणून पहिले काम फ्रेमवर्क निवडण्याचे नाही. विनफॉर्म्सच्या बटणांमागे विखुरलेली आकडेमोड आणि नियम उचलून सी शार्पच्याच एका स्वतंत्र लायब्ररीत आणा, जिला पडदा, पोर्ट किंवा डेटाबेस यांतले काहीही माहीत नसेल. जुन्या प्रमाणपत्रांची वाचने तिला देऊन निकाल अंकन्‌अंक जुळतो का, याची चाचणी लावा. तुमचा कोड अजून जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर असेल, तर तोही आजच्या डॉटनेटवर आणा. सप्टेंबर २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पासून विनफॉर्म्स तिकडे चालते, म्हणून पडदे फेकून द्यावे लागणार नाहीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि दाखवण्यासारखे त्यातून काही लवकर निघत नाही, हे मला मान्य आहे. पण ते झाल्यावर पुढचा प्रत्येक निर्णय बदलता येण्याजोगा होतो.

त्यानंतर पाहणाऱ्यांसाठी वेब करा, आणि शक्य तितके साधे करा. तीच लायब्ररी वापरून एएसपी डॉटनेट कोअर या डॉटनेटच्या वेब-फ्रेमवर्कवर सर्व्हरवरच तयार होणारी पाने : यादी, शोध, तपशील, पीडीएफ. प्रमाणपत्र ब्राउझरच्या छपाईवर सोडू नका; समास आणि पानतुटी प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळ्या पडतात, तेव्हा पीडीएफ सर्व्हरवरच बनवा. ब्लेझरचे सर्व्हर रूप यासाठी चालेल, मात्र त्याला सतत जोडणी लागते आणि ती तुटली की पडदा गोठतो. त्याचे वेबअसेम्ब्ली, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारे, रूप डॉटनेटचे रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) ब्राउझरमध्ये उतरवून घेते, जे रोज वापरणाऱ्याला चालते आणि महिन्यातून एकदा प्रमाणपत्र पाहणाऱ्याला जड वाटते. मॅकची मागणी इथेच मिटण्याचा बराच संभव आहे.

उपकरणासमोरचे डेस्कटॉप ॲप्लिकेशन सध्या विनफॉर्म्सवरच राहू द्या. हे वाचून तुम्ही निराश व्हाल, कारण तुम्हाला जुन्यातून बाहेर पडायचे आहे. पण जुने असणे आणि मृत असणे यांत अंतर आहे, आणि विनफॉर्म्स त्या अंतराच्या अलीकडे आहे. उद्या मॅकवरही वाचने घ्यायची खरी गरज निघाली, तर तुमच्या तक्त्यात नसलेल्या एका नावाचा विचार करा : अवलोनिया. ते सी शार्पमध्ये आहे, एक्सएएमएल या पडद्यांची मांडणी लिहिण्याच्या भाषेवर चालते, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर स्वतःचे पडदे रंगवते आणि तुमची लायब्ररी जशीच्या तशी वापरू शकते. माउई मे २०२२ मध्ये आले. ते झामरिन फॉर्म्स या जुन्या मोबाइल-फ्रेमवर्कचे वारसदार आहे, मोबाइल त्याच्या रक्तात आहे, आणि लिनक्सला त्याचा अधिकृत आधार नाही. तुमच्यासाठी मी ते वगळीन. टॉरीची १.० आवृत्ती जून २०२२ ची आणि २.० ऑक्टोबर २०२४ ची आहे. गुणी आहे, पण आतली बाजू रस्ट या भाषेत लिहावी लागते आणि तुमच्या टीममध्ये रस्टचा उल्लेख नाही.

फ्लटरबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण तुमचा एक सहकारी त्याच्या बाजूने आहे. डेस्कटॉपवर ते २०२२ मध्ये स्थिर झाले : विंडोजवर फेब्रुवारीत, मॅक आणि लिनक्सवर मे महिन्यात. प्रत्येक पिक्सेल स्वतः रंगवण्याची त्याची पद्धत डेस्कटॉपवर आणि मोबाइलवर उत्तम आहे. वेबवर मात्र तीच पद्धत आड येते : पान म्हणजे एक रंगवलेला कॅनव्हास असतो, त्यामुळे ब्राउझरचा स्वतःचा शोध त्यातला मजकूर नीट पकडत नाही, स्क्रीन रीडरसाठीची माहिती मुद्दाम चालू करावी लागते, आणि पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. ज्यांचे मुख्य उत्पादन मोबाइलवर आहे आणि डेस्कटॉप जोडीला हवे आहे, त्यांनी फ्लटर जरूर घ्यावे. तुमचे तसे नाही.

क्यूटबद्दल मला आदर आहे. १९९५ मध्ये त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती आली. ट्रोलटेक, नोकिया, डिजिया असे मालक बदलत ते टिकले, लिनक्सवरील केडीईसारखा संपूर्ण डेस्कटॉप त्यावर उभा आहे, आणि सिरियल पोर्टसाठी त्याचे स्वतःचे मॉड्यूल आहे. चित्रे, आलेख, व्हिडिओ किंवा यंत्रनियंत्रण यांचे काम सी प्लस प्लसमध्ये नव्याने सुरू करणाऱ्याने त्यापासून आरंभ करावा, फक्त एलजीपीएल (मुक्त-स्रोत परवाना) की व्यावसायिक परवाना हे पहिल्याच आठवड्यात ठरवावे, शेवटच्या नाही. तुमच्याकडे सी शार्पचा साठा तयार असताना त्याकडे वळण्याचे कारण मला दिसत नाही.

देवनागरी मजकूर दाखवायचा असणाऱ्या कोणत्याही वाचकासाठी एक जाता जाता सूचना. ब्राउझर, क्यूट आणि फ्लटर यांच्यात जोडाक्षरे व मात्रा नीट मांडण्याची सोय आहे. पण डिअर इमगुईसारखी हलकी, स्वतः रंगवणारी काही साधने ती देत नाहीत, आणि तिथे 'राष्ट्रीय' लिहिले तर अक्षरे सुटी पडतात. नावे, पत्ते, शेरे मराठीत येणार असतील तर हे पहिल्या दिवशी तपासा. आणि ज्यांच्याकडे उपकरण नाही, नेटवर्कविना कामाची अट नाही, नुसते फॉर्म आणि याद्या आहेत, त्यांनी रिॲक्ट की व्ह्यू या वादात शिरण्याआधी जँगो, रेल्स किंवा लाराव्हेल या सर्व्हरवर पाने बनवणाऱ्या फ्रेमवर्कांपैकी टीमला येणारे एक घेऊन पाहावे; पुष्कळदा त्याच्या पुढे जावेच लागत नाही.

आता निर्णय कसा करायचा. दोन पर्याय शिल्लक राहिले की प्रत्येकाला ठरावीक, थोडाच काळ द्या आणि त्यात लॉगिनचा पडदा करू नका, कारण तो सगळ्यांतच सुरेख होतो. वाचन चालू असताना सिरियल पोर्टची केबल उपटा आणि काय होते पाहा. नोंद पाठवत असताना नेटवर्क तोडा. प्रमाणपत्र छापा. आणि ज्या संगणकावर कधीही काही बसवलेले नाही अशा संगणकावर इन्स्टॉलर चालवा. मॅकच्या कॅटालिना, म्हणजे १०.१५, या आवृत्तीपासून ॲप स्टोअरबाहेरून वाटलेल्या ॲप्लिकेशनसाठी ॲपलकडून नोटरायझेशन (तपासणी करून मिळणारी मान्यता) करून घ्यावे लागते, नाहीतर मॅक ते सुखासुखी उघडू देत नाही. विंडोजवर सही नसलेल्या इन्स्टॉलरला स्मार्टस्क्रीन ही विंडोजची सुरक्षा-तपासणी अडवते, आणि जून २०२३ पासून कोड-सहीची खासगी किल्ली हार्डवेअरमध्ये ठेवण्याची अट आहे, त्यामुळे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर सही कशी करायची याची वेगळी सोय लागते. या कामांना जे दिवस जातात ते कुठल्याच तुलनेत दिसत नाहीत.

सहकाऱ्यांच्या मतभेदाबाबत एवढेच सांगतो की एकाला इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्याला फ्लटर हवे असण्यामागे काहीतरी नवे शिकण्याची इच्छाही असेल. ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. उघड बोलली गेली तर तिच्यासाठी वेगळी जागा काढता येते, उदाहरणार्थ वेबची बाजू एकाकडे पूर्णपणे सोपवून. चाचणीत मात्र उलटी वाटणी करा : इलेक्ट्रॉनच्या समर्थकाने दुसऱ्या पर्यायाची चाचणी घ्यावी आणि दुसऱ्याने इलेक्ट्रॉनची. जे ठरेल त्याची एक पानी नोंद ठेवा : काय निवडले, काय नाकारले, कोणत्या कारणाने, आणि काय बदलले तर पुन्हा विचार करायचा. मॅकवर वाचने घेणारा पहिला पैसे देणारा ग्राहक, किंवा तुम्ही वापरता त्या डॉटनेटच्या आवृत्तीच्या आधाराचे शेवटचे सहा महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ते पान पुन्हा उघडा.